हिप्परग्याची लाट

घरी सांगितलं, पुण्याला ट्रेनिंग आहे दोन दिवस.
आणि स्टँडवरून तुळजापूरची गाडी धरून
अर्ध्या तासात उतरले.
एवढ्याशा तिकिटात माणूस हरवू शकतो
हे सव्वीस वर्षं कॅश काउंटरला बसून माहीत नव्हतं.

तलावाच्या काठी, बाभळींच्या मागं
निळ्या पत्र्याच्या तीन खोल्या.
पाटीवर रंगानं : सर्फ हॉस्टेल.
खाली खडूनं : चप्पल काढली तर बरं, नाही काढली तरी बरं.

मालक श्रीहरी गाजुल.
बाप यंत्रमागावर, आई विड्या वळायची,
हा आठ वर्षं मुल्कीला, समुद्रावर,
लोकांच्या फळ्या धूत, ओली वाळू झाडत.
निघताना शेवटच्या पगाराऐवजी एक फळी मागून घेतली,
कांद्याच्या रिकाम्या ट्रकवर बांधून आणली.
विजापूर नाक्यावर हवालदार म्हणाला, काय बे हे?
याला काही सुचेना.
इस्त्रीचं टेबल हाय सायेब, म्हणाला.
सोडलं.

"पण लाटा?" मी विचारलं.
"येतील की ओ. घाई काय हाय?"

वैशाख. चव्वेचाळीस.
दोन बाभळींमध्ये सोलापुरी चादर बांधलेली,
तिच्यावरचा मोर माझ्या वजनानं वाकडा झालेला.
शेजारच्या झोळीत सिव्हिलची नर्स, जुलेखा,
नाइट ड्यूटी संपवून आलेली,
दुपारभर झोपेत कुणाला तरी सुई टोचत होती.
जेवायला कडक भाकरी, दही, शेंगाचटणी.
भाकरी मोडल्याचा आवाज
पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन आला.

मुलाचा फोन : कसं चाललंय ट्रेनिंग?
म्हटलं, शिकतेय.
काय?
आडवं व्हायला, असं जिभेवर आलं होतं.
रेंज गेली म्हणाले.

पाण्याकडं बघताना एकदम लक्षात आलं,
हेच पाणी.
चौथ्या दिवशी, रात्री अडीचला,
नळात आधी खोकला येतो, मग हे येतं,
आणि मी गाउन खोचून
बॅरल, बादल्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरत सुटते.
इथं ते नुसतं पडलेलं.
कुणाची वाट न बघता.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर,
पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गच्च बांधून
फळीवर पालथी झाले.
श्रीहरी गळ्याएवढ्या पाण्यात, मागून धरून.
काही होत नव्हतं.
पाण्यावरचा किडासुद्धा आमच्यापेक्षा पुढं गेला.
जुलेखा काठावर कलिंगड खात हसत होती,
बिया थुंकत.

तेवढ्यात म्हशी आल्या.
दगडू गवळ्याच्या, चाळीसएक,
दिवसभर तापलेल्या, धूळ उडवत,
आणि बांधावरून एकजात पाण्यात शिरल्या.
आधी नुसता आवाज.
मग पाण्याला खांदा फुटला.
"उठा ताई! आत्ता! उठा की ओ!"

उठले.
गुडघा आधी, मग दुसरा,
मग कसे कोण जाणे, पाय.
एक. दोन.
तिसऱ्याला पोटात हलकं काहीतरी सुटलं,
पाळण्यात बसल्यावर लहानपणी सुटायचं तसं,
आणि चौथ्याच्या आत मी पाण्यात,
तोंडात शेवाळ, एका म्हशीच्या डोळ्यासमोर.
तिनं बघितलं. कान हलवला.
तिला काही विचारायचं नव्हतं.

टॉवेल श्रीहरीच्या चुलत्याच्या कारखान्यातला,
माझ्यापेक्षा जास्त पाणी प्यायला.
बिल किती, विचारलं.
"लाट आली तर अडीचशे,
नाही आली तर दोनशे."
सुट्टे नव्हते त्याच्याकडं.
मी पाचशेची नोट ठेवली,
राहू दे म्हटलं,
आणि आयुष्यात पहिल्यांदा हिशेब उघडा टाकून निघाले.

घरी आले तर बोळात सगळ्यांच्या बादल्या रांगेत.
आज पाणी आहे, सासूबाई म्हणाल्या.
केस कशानं ओले?
पुण्यात पाऊस होता का गं?